कापसाची जागतिक साखळी: नफा कुणाचा, झीज कुणाची

एका साध्या सुती टी-शर्टला, सूतगिरणीतली आणि शिवणकामातली तूट धरून, साधारण दोनशे ग्रॅम रुई लागते. शेतातून निघणाऱ्या कापसात वजनाने जवळपास दोन तृतीयांश सरकीच असते. त्यामुळे तेवढ्या रुईसाठी सहाशे ग्रॅम कापूस वेचावा लागतो. क्विंटलला साडेसात हजार रुपये भाव धरला, तर या टी-शर्टपोटी शेतकऱ्याला पंचेचाळीस रुपये मिळतात. बियाणे, खत, फवारणी, निंदणी, वेचणी आणि कर्जावरचे व्याज हे सगळे त्यातूनच भागवायचे. वेचणाऱ्या बाईला किलोमागे दहा रुपये मिळत असतील, तर तिच्या वाट्याला सहा रुपये येतात. दुकानात तो टी-शर्ट आठशेला विकला गेला काय किंवा दोन हजारांना, या दोन रकमांत काही फरक पडत नाही.

शेत आणि दुकान यांच्यामध्ये जिनिंग-प्रेसिंग, सूतगिरणी, विणकाम, रंगाई, कापणी-शिवण, जहाज, गोदाम आणि जाहिरात अशी कामांची लांबलचक रांग असते. अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र या रांगेला वस्तू-साखळी म्हणतात. टेरेन्स हॉपकिन्स आणि इमॅन्युएल वॉलरस्टीन यांनी १९७७ मध्ये ही कल्पना मांडली. देशादेशांमधला व्यापार मोजण्याऐवजी एकच वस्तू घ्यावी, ती जिथून आली तिथवर मागे जावे आणि प्रत्येक टप्प्यावर कोण राबते व कोण कमावते हे पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. १९९४ मध्ये गॅरी गेरेफी यांनी त्यात एक महत्त्वाचा फरक दाखवला. मोटारीसारख्या वस्तूंच्या साखळीची सूत्रे कारखानदाराकडे असतात, तर कपड्यांच्या साखळीची सूत्रे खरेदीदाराकडे. कपड्यांचे मोठे ब्रँड सहसा स्वतः काही शिवत नाहीत. नमुना, मुदत आणि दर ते ठरवतात, बाकीचे सगळे दुसऱ्यांकडून करून घेतात. दर ठरवण्याचा अधिकार एका टोकाला आणि जोखीम दुसऱ्या टोकाला, ही या साखळीची मूळ रचना आहे. तिचे सामाजिक आणि पर्यावरणीय परिणाम समजून घ्यायचे तर आधी ही रचना ध्यानात घ्यावी लागते, कारण पुढे येणारे बहुतेक प्रश्न तिच्यातूनच निघतात.

ही रचना आजची नाही, आणि तिचा इतिहास महाराष्ट्राच्या फार जवळचा आहे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीकडे आले. कंपनीचा डोळा होता तो तिथल्या काळ्या जमिनीवर. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडच्या राज्यांचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. भारतातल्या कापसाचे भाव कुणी कल्पनाही केली नव्हती इतके चढले. मुंबईत पैशाचा पूर आला, समुद्र बुजवून जमीन काढण्याच्या कंपन्यांचे शेअर वेड्यासारखे विकले गेले. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. मुंबईतल्या कित्येक पेढ्या बुडाल्या, त्याची नोंद इतिहासात ठळकपणे आहे. चढत्या भावाच्या आशेने कर्ज काढलेल्या कुणब्याचे काय झाले याची नोंद त्या मानाने त्रोटक आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे जाळले. दख्खनचे दंगे म्हणून ओळखला जाणारा हा उठाव केवळ कापसामुळे झाला असे म्हणता येणार नाही, वाढवलेल्या शेतसाऱ्याचाही त्यात मोठा वाटा होता. पण तेजीत सैल सुटलेली आणि मंदीत एकाएकी आवळली गेलेली पत हे त्यामागचे एक कारण होते.

दरम्यान कापूस नेण्याची सोय पक्की होत गेली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावच्या बाजारासाठी स्वतंत्र फाटा टाकण्यात आला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी छोटी गाडी सुरू झाली, तीच पुढे शकुंतला रेल्वे म्हणून लोकांच्या तोंडी रुळली. यवतमाळचा कापूस मुख्य मार्गापर्यंत आणि तिथून मुंबई बंदरापर्यंत पोचवणे हेच तिचे काम होते. स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके या मार्गाची मालकी एका खाजगी कंपनीकडेच राहिली. कापसाखालची जमीन वाढली तशी ज्वारीखालची आणि चराईची जमीन घटली. वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यांचा संबंध इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी तपशिलाने मांडला आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळात कापूस पिकवणाऱ्या या समृद्ध मुलखात माणसे आणि जनावरे मोठ्या संख्येने मेली. निर्यातीसाठी पीक घेणाऱ्या प्रदेशाच्या खाण्याचे काय, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे.

आजच्या विदर्भात कापूस बहुतांशी कोरडवाहू आहे. पाऊस वेळेवर आला तर पीक, नाहीतर दुबार पेरणी. मार्च २००२ मध्ये भारतात जनुक बदलून बोंडअळीला प्रतिकारक केलेल्या बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि दशकभरात देशातले बहुतेक कापूसक्षेत्र त्याखाली गेले. सुरुवातीला बोंडअळीवरच्या फवारण्या खरोखर कमी झाल्या, हे नाकारून चालणार नाही. पण जगातल्या बहुतेक देशांनी हे तंत्रज्ञान सरळ वाणांमधून वापरले, तर भारतात ते जवळजवळ पूर्णपणे संकरित बियाण्यातून आले. संकरित कापसाची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर तसेच पीक येत नाही, त्यामुळे बियाणे दरवर्षी विकत घ्यावेच लागते आणि बियाणे कंपनीच्या हक्काचे रक्षण आपोआप होते. हे बियाणे महाग म्हणून झाडे विरळ लावली जातात. पीक लांबते आणि पावसाळ्यानंतर जमिनीतली ओल तुटते तेव्हाच बोंडे भरायला लागतात. कोरडवाहू जमिनीला कमी दिवसांचे, दाट पेरायचे सरळ वाण हवे होते, हा मुद्दा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी वारंवार मांडला आहे. लांबलेल्या पिकात, विशेषतः तीच झाडे ठेवून घेतलेल्या फरदडीत, गुलाबी बोंडअळीला आसरा मिळाला. तिने बीटीला दाद देणे थांबवले आणि २०१७ च्या हंगामात राज्यभर बोंडे आतून पोखरली गेली.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात जे घडले ते या विषयाच्या कोणत्याही वर्णनात सविस्तर यायला हवे. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत फवारणी करताना विषबाधा झालेले शेकडो जण दवाखान्यांत दाखल झाले आणि वीसहून अधिक दगावले. कित्येकांची दृष्टी काही काळ गेली. मरणाऱ्यांत स्वतःच्या शेतात फवारणारे शेतकरी होते तसे रोजाने फवारणारे मजूरही होते. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याच्या वर गेली होती. ओळींमधून चालणाऱ्याच्या अंगावर, तोंडावर औषधाचा फवारा पडत होता. हातपंपाच्या जागी आलेले बॅटरीचे पंप बारीक आणि जोराचा फवारा मारत. ऑक्टोबरच्या उन्हात हातमोजे, मुखपट्टी, चष्मा घालून दिवसभर काम करणे कुणालाच शक्य नसते, आणि बहुतेकांकडे ही साधने नव्हतीही. दोन-तीन औषधे एकत्र करून मारण्याचा सल्ला कृषी केंद्राच्या काउंटरवरून मिळत होता, कारण गावात सल्ला देणारे दुसरे कुणी नव्हते. त्या हंगामात वापरल्या गेलेल्या कीटकनाशकांपैकी डायफेन्थियुरॉन युरोपीय संघात आणि स्वित्झर्लंडमध्ये वापरायला बंदी होती, पण स्वित्झर्लंडमधून ते भारतात पाठवले जात होते. अशा काही औषधांच्या निर्यातीवर स्वित्झर्लंडने २०२१ पासून बंदी घातली. जे विष एका देशाने आपल्या शेतात चालू दिले नाही ते दुसऱ्या देशाच्या शेतात चालले, आणि त्यातून पिकलेला कापूस मात्र कपडा होऊन कुठल्याही देशात जाऊ शकला. साखळीत खर्च खाली कसा ढकलला जातो हे याहून स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण सापडणे कठीण आहे.

कर्ज आणि शेतकरी आत्महत्या यांविषयी एकाच कारणावर बोट ठेवणे बरोबर नाही. पण पिकाचा खर्च बाजारात ठरणारा, भावही बाजारात ठरणारा, पाऊस कुणाच्याच हातात नसलेला आणि या तिन्हींचा भार एकाच कुटुंबावर, ही स्थिती कापूसपट्ट्यात विशेष तीव्र आहे. २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. आत्महत्येनंतर राज्य सरकार कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत देते, पण त्याआधी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरते: जमीन कुणाच्या नावावर होती, कर्ज बँकेचे होते की सावकाराचे, थकबाकी होती की नव्हती. सातबारा सासऱ्याच्या नावावर असेल, कर्ज कृषी केंद्राच्या उधारीचे असेल, तर मागे राहिलेल्या बाईच्या हाती ‘अपात्र’ असा शेरा येतो. उधारी मात्र तिच्याकडेच मागितली जाते. पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळ्यात जास्त काम करणारी बाई कागदावर शेतकरी नसते, हा साखळीने निर्माण केलेला अन्याय नाही. साखळीला तो आयता मिळाला आणि तिने तो वापरून घेतला.

वेचणीच्या कामाकडेही जरा जवळून पाहिले पाहिजे. सीतादहीची पूजा करून वेचणीला हात लागतो. बाया सकाळी लवकर, दव असताना सुरुवात करतात, कमरेला बांधलेल्या ओटीत बोंडामागून बोंड कापूस टाकत जातात. वाळलेल्या बोंडांची टोके नखांच्या कडांत रुततात. संध्याकाळी बांधावर काट्याने वजन होते आणि किलोवर हिशेब. पहिल्या वेचणीत हात भरभर चालतो. शेवटच्या वेचणीत बोंडे विरळ आणि कवडी निघतात, तेव्हा तेवढ्याच वेळात निम्मासुद्धा कापूस भरत नाही. यंत्राने वेचणी करणाऱ्या अमेरिकेच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या कापसाशी या कापसाची स्पर्धा एकाच बाजारात, एकाच भावात होते.

तो भावही निव्वळ मागणी-पुरवठ्यातून ठरत नाही. अमेरिकेने आपल्या कापूस उत्पादकांना दिलेल्या अनुदानांमुळे जागतिक भाव दबले, अशी तक्रार ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत केली आणि निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला. २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड या चार देशांनी २००३ मध्ये हीच मागणी एकत्रितपणे मांडली. त्यांच्याकडे खटला लढवण्याइतकी ताकद नव्हती आणि भरपाईही मिळाली नाही. खुला बाजार म्हणून ज्याची ओळख करून दिली जाते तो किती खुला असतो, हे अशा ठिकाणी कळते.

साखळी मधल्या टप्प्यांवर शहरांतून जाते आणि जिथे मजुरी महाग होते तिथून निघून जाते. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि तिच्यामागून गिरणगाव वसले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संपाच्या आधीच काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकू लागले होते, संपाने त्याला वेग दिला. यंत्रमागावर संघटना नव्हती, प्रॉव्हिडंट फंड नव्हता, पाळी बारा तासांची. एका शहराने शंभर वर्षे झगडून मिळवलेले कामगारहक्क काम हलवल्याने नाहीसे झाले, त्यासाठी कायदा बदलावा लागला नाही. पुढे कपड्यांच्या शिवणकामाची हीच गत झाली. १९७४ पासून वस्त्रव्यापारावर असलेली देशनिहाय कोट्यांची चौकट २००४ च्या अखेरीस संपली आणि ऑर्डर सर्वांत स्वस्त शिवणाऱ्या देशाकडे मोकळेपणाने जाऊ लागल्या.

बांगलादेश कापूस फारसा पिकवत नाही. भारतासह अनेक देशांकडून तो कापूस आणि सूत आणतो आणि जगासाठी कपडे शिवतो. २३ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावरमधल्या राणा प्लाझा या इमारतीला तडे गेलेले दिसले. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकाने बंद ठेवण्यात आली. वरच्या पाच कपडा कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले गेले, न आल्यास पगार कापण्याची धमकी होती. २४ एप्रिलच्या सकाळी इमारत कोसळली आणि ११३४ माणसे मेली, त्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया होत्या. बँकेच्या कर्मचाऱ्यांना घरी राहता आले आणि शिवण कामगारांना आले नाही, कारण त्यांच्या मालकापुढे माल जहाजावर चढवण्याची तारीख होती. तारीख चुकली तर दरात कपात, किंवा माल विमानाने पाठवण्याचा खर्च कारखानदाराच्या माथी. स्थानिक मालकाचा गुन्हा त्यामुळे कमी होत नाही. पण तारीख ज्यांनी ठरवली ते आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हते.

त्यानंतर कारखान्यांच्या सुरक्षेसाठी झालेला बांगलादेश करार महत्त्वाचा ठरला, कारण तो कायद्याने बंधनकारक होता आणि त्यावर ब्रँड व कामगार संघटना दोघांच्या सह्या होत्या. दोनशेहून अधिक कंपन्या त्यात आल्या, हजारो तपासण्या झाल्या, जिने, दरवाजे, विजेच्या तारा दुरुस्त झाल्या. किमान वेतन ३००० टाकांवरून ५३०० झाले, पुढे २०१८ मध्ये ८००० आणि २०२३ च्या अखेरीस १२५०० टाका. पण अभ्यासक मार्क ॲनर यांनी दाखवल्याप्रमाणे दुर्घटनेनंतरच्या वर्षांत खरेदीदारांनी दिलेले नगामागचे दर वाढण्याऐवजी घसरले. दुरुस्तीचा आणि वाढीव पगाराचा खर्च कारखान्यांनी गती वाढवून काढला, म्हणजे तासाला अधिक नग. २०२० च्या मार्चमध्ये महामारी आली तेव्हा सुमारे ३०० कोटी डॉलरच्या ऑर्डर रद्द किंवा स्थगित झाल्या. काहींचे कपडे शिवून तयार होते. कापडाचे पैसे कारखान्याने आधीच भरलेले, आणि ब्रँडचे पैसे माल पोचल्यावर मिळणार, अशी व्यवहाराची रीत असल्यामुळे हा आघात सरळ कामगारांच्या पगारावर आला.

पाण्याच्या बाबतीत एक आकडा सर्वत्र सांगितला जातो: एका टी-शर्टला २७०० लिटर पाणी. तो सरासरीचा आकडा आहे आणि सरासरी इथे दिशाभूल करते. विदर्भातली पऱ्हाटी मुख्यतः पावसाच्या पाण्यावर वाढते, ते पाणी वापरल्याने कुणाची नदी आटत नाही. मध्य आशियात मात्र अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी १९६० पासून कापसाकडे वळवले गेले आणि जगातले चौथ्या क्रमांकाचे सरोवर असलेला अरल समुद्र जवळजवळ नाहीसा झाला. मासेमारीची बंदरे वाळवंटात राहिली, तळाची मीठ आणि कीटकनाशके मिसळलेली धूळ वाऱ्यावर उडून लोकांच्या फुप्फुसांत गेली. हे सोव्हिएत नियोजनाने केले, भांडवली बाजाराने नव्हे, आणि ते तसे स्पष्ट म्हटले पाहिजे. निर्यातीचे लक्ष्य एकदा सर्वश्रेष्ठ मानले की मालकी कुणाची यावर नदीचे भवितव्य फारसे अवलंबून राहत नाही. सोव्हिएत संघ गेल्यावरही उझबेकिस्तानात विद्यार्थी आणि शिक्षक यांना सक्तीने वेचणीला नेले जात असे. जागतिक बहिष्कारानंतर ही पद्धत थांबली आणि २०२२ मध्ये बहिष्कार उठला.

पाण्याची दुसरी हानी रंगाईत होते आणि तिच्याकडे कमी लक्ष जाते. तमिळनाडूतल्या तिरुपूरने होजिअरीच्या निर्यातीत नाव कमावले. तिथल्या रंगाई आणि ब्लीचिंगच्या शेकडो कारखान्यांनी क्षारयुक्त रंगीत पाणी नोय्यल नदीत सोडले. खाली ओरथुपाळयम इथे सिंचनासाठी बांधलेल्या धरणात ते साठत गेले, आणि ज्या शेतांसाठी धरण बांधले होते ती शेते आणि विहिरी खारावल्या. शेतकरी न्यायालयात गेले. २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने सातशेहून अधिक कारखाने बंद करायला लावले. सांडपाण्याचा एकही थेंब बाहेर न सोडण्याची अट पाळावी लागली, यंत्रणा उभ्या राहिल्या, त्या चालवण्याचा खर्च रंगाईवाल्यांच्या अंगावर आला. खरेदीदारांनी रंगाईचा दर त्या प्रमाणात वाढवला नाही. काही रंगाई नियम सैल असलेल्या इतर गावांकडे गेली.

वापरून झालेला कपडाही पुन्हा साखळीतच फिरतो. श्रीमंत देशांतले जुने कपडे पानिपतला येतात, तिथे चिंध्या होऊन त्यांची घोंगडी आणि चादरी बनतात. घानातल्या अक्रा शहरातल्या कांतामांतो बाजारात गाठी फुटतात आणि जे विकले जात नाही ते गटारांतून समुद्रकिनाऱ्यावर जाते. चिलीच्या अताकामा वाळवंटात न खपलेल्या कपड्यांचे ढीग साचले आहेत. मिश्र धाग्यांचे हे कपडे कुजत नाहीत.

उपायांच्या बाजूला गेल्या दहा वर्षांत हालचाल झाली आहे. फ्रान्सने २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांवर पुरवठा साखळीतल्या हानीची दक्षता घेण्याची कायदेशीर जबाबदारी टाकली, जर्मनीचा कायदा २०२३ पासून लागू झाला, युरोपीय संघाने २०२४ मध्ये निर्देश काढला आणि लगेच पुढच्या वर्षी तो सौम्य करण्याच्या मागे लागला. यांतला कोणताही कायदा नगामागे किती दर द्यावा हे सांगत नाही. भारतात शेतकऱ्याला हमीभावाचा आधार आहे. महाराष्ट्राने १९७२ पासून तीसेक वर्षे एकाधिकार खरेदीचा प्रयोगही करून पाहिला. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता, पण भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) केंद्रावर ओलावा बारा टक्क्यांच्या वर असेल तर कापूस घेतला जात नाही. पहिल्या वेचणीचा कापूस ओलसर असतो आणि दिवाळीपूर्वी पैशाची गरज असते. मग तो खेडा खरेदीच्या व्यापाऱ्याला कमी भावात जातो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयात कर लावला तेव्हा कापड निर्यातदारांना दिलासा म्हणून केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क आधी सप्टेंबर अखेरपर्यंत आणि नंतर डिसेंबर अखेरपर्यंत माफ केले. वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या कराचा भार काही आठवड्यांत वेचणीच्या तोंडावर असलेल्या शेतापर्यंत पोचला. ऑक्टोबरमध्ये बाजारभाव हमीभावाच्या खाली होते.

जबाबदारी ठरवायची तर वस्तूचा माग लागला पाहिजे, आणि कापसाचा माग जिनिंगमध्ये हरवतो. अंगणात शेकडो शेतांचा कापूस एका ढिगात पडतो, रेचे सगळा एकत्र ओढतात आणि १७० किलोच्या गाठीत कुणाचा कापूस कोणता हे सांगता येत नाही. सेंद्रिय म्हणून विकल्या गेलेल्या भारतीय कापसात २०२० मध्ये मोठी फसवणूक उघड झाली ती याच ठिकाणच्या कागदपत्रांतून. शेतापर्यंतचा माग ठेवायचा तर ढीग वेगळे ठेवावे लागतात, प्रत्येक खरेदीची नोंद करावी लागते, माणूस आणि जागा लागते. परदेशी खरेदीदार हा पुरावा आता मागू लागले आहेत. त्यासाठी लागणारा पैसा दरात धरण्याचे बंधन त्यांच्यावर नाही, त्यामुळे सध्या तो जिनिंगवाल्याच्या आणि त्याच्याकडून शेतकऱ्याच्या हिशेबात खर्ची पडतो आहे.